तिकीट क्रमांक दोनशे बारा

“प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक दिवस उगवतो की त्याला सत्याच्या बाजूने ताठ उभं राहावंच लागतं,” डेलमार हॉस्टेटरने न्हाणीघरातल्या आरशाला सांगितलं. आवाज खर्जातला, भरदार, तीस वर्षं मायक्रोफोनवर मुरलेला. आरशालाही ते पटलं असावं.

“उभं राहायच्या आधी विजारीची चेन लाव,” दाराबाहेरून त्याची बायको अर्लीन म्हणाली. “आणि तो टाय काढ. त्यावर बदकं आहेत.”

बदकं होती हे खरं. डेलमारकडे टाय एकच, आणि तो अग्निशमन दलाने त्याला सेवेची चाळीस वर्षं झाली तेव्हा भेट दिलेला. उडणाऱ्या बदकांचा थवा, आणि खाली टोकाला, झुडपात दबा धरून बसलेला एक इवलासा शिकारी. बंदुकांच्या कायद्यावर साक्ष द्यायला हा गळ्यात बांधून जाणं बरं दिसलं नसतं. डेलमारने टाय काढला, गळ्याचं बटण लावून पाहिलं, ते लागेना म्हणून नाद सोडला आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रथमच राजधानीला निघाला.

खिशात भाषणाचा कागद होता. अर्लीननेच टाइप केलेला. ‘मी पन्नास वर्षं शिकार करणारा माणूस आहे. ज्या घरात मुलं आहेत त्या घरात बंदूक कुलपात असावी, असं मला वाटतं. हे विधेयक तेवढंच मागतं.’ पुढे असाच सभ्य मजकूर. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं आणि कुणाला राग येईल असंही काही नव्हतं. एक गोष्ट तेवढी त्यात नव्हती, आणि ती ड्राय फोर्क गावात तीनशे माणसांना ठाऊक होती, म्हणजे ते गुपितच होतं.

ड्राय फोर्कचं अग्निशमन दल हौशी माणसांचं. पगार कुणालाच नाही. पंपाची गाडी मात्र फुकट येत नाही, म्हणून दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दलाच्या सभागृहात बंदुकांची सोडत निघे. आत शिरताना तिकीट घ्यायचं, त्यातच डुकराच्या मांसाचं सँडविच आणि पोट भरेपर्यंत बिअर. दर पंधरा मिनिटांनी पिंपातून एक चिठ्ठी निघणार आणि एकाला बंदूक लागणार. काही गावं यासाठी केक विकतात. ड्राय फोर्कनेही एक वर्ष केक विकून पाहिले होते. त्या पैशांत पंपाचं फक्त झाकण आलं.

चिठ्ठ्या पुकारायचं काम डेलमारचं. तो नुसता नंबर सांगत नसे. बंदुकीचं वर्णन करी, मग थांबे, घसा खाकरे, कुणाच्या तरी बायकोची थट्टा करी आणि सगळा हॉल श्वास रोखून बसला की नंबर सोडी. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये त्याने अशीच एक काळी, अर्धस्वयंचलित रायफल हवेत धरली, “ही घेऊन हरणामागे गेलात तर हरणाचा खिमा घरपोच,” असं म्हणून हॉलला हसवलं आणि तिकीट क्रमांक दोनशे बारा पुकारलं.

दोनशे बारा वेड केमरर नावाच्या गाववाल्याचा. वेडला जन्मात काही लागलं नव्हतं, नोकरीसुद्धा कशीबशी, त्यामुळे टाळ्या जोरात पडल्या. डेलमारने त्याच्या हातात रायफल दिली, दोघांचा फोटो निघाला. फोटोनंतर ती दुकानदाराकडे राहिली. सोमवारी वेडने रीतसर त्याच्या दुकानात जाऊन एक फॉर्म भरला, त्याच्या नावावर काही गुन्हा नाही हे अर्ध्या तासात सिद्ध झालं आणि रायफल घरी गेली. घरात ती कुठे ठेवणार, हे फॉर्ममध्ये विचारत नाहीत. फोटो सभागृहाच्या भिंतीवर लागला.

गेल्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, वेडचा सतरा वर्षांचा मुलगा ती रायफल घेऊन प्राथमिक शाळेत गेला. ती घराच्या मागच्या दाराशी होती. कोटांच्या मागे, छत्रीशेजारी. सहा मुलं, एक शिक्षिका, आणि मुलांना जेवण वाढणाऱ्या बाई. शेवटी तो स्वतः.

दलाचा भोंगा झाला तेव्हा डेलमार गेला. या वयात त्याला आत कोण सोडणार, त्याने चौकात नारिंगी झेंडा घेऊन गाड्या अडवल्या. गाड्यांमध्ये मुलांच्या आया होत्या. दलाचा प्रमुख रस्टी यॉकम आत गेला आणि बाहेर आला, पुन्हा आत गेला आणि बाहेर आला, असं पाच वेळा. प्रत्येक वेळी त्याच्या हातांत एक मूल होतं.

गावात मोठी जागा एकच, म्हणून आईबापांना सभागृहात बसवलं. वाचलेली मुलं बसमधून मागच्या दाराने आणायची, नाव पुकारायचं, त्या नावाच्या घरच्यांनी पुढे यायचं, असं पोलिसांनी ठरवलं. आणि पुकारायला गावात आवाज एकच होता.

डेलमारने मायक्रोफोन घेतला. तोच. एक नाव वाचायचा, एक खुर्ची मागे सरायची, कुणीतरी धावायचं. दुसरं नाव. तिसरं. एकशे चौदा नावं त्याने वाचली. घसा खाकरला नाही, मध्ये थांबलाही नाही, कारण तो थांबला की सगळा हॉल श्वास रोखतो हे त्याला माहीत होतं. मग यादी संपली. समोर सहा घरं अजून खुर्च्यांवर बसलेली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो मायक्रोफोन हातात धरून उभा राहिला. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर तो आणि वेड रायफल धरून हसत होते.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर त्याने तो फोटो काढून कोटाच्या आत घातला. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा राहिला. त्याबद्दल त्याला कुणी काही विचारलं नाही. पेपरात ‘रायफल कायदेशीर मालकीची होती’ एवढं आलं, आणि गावाने त्या वाक्याला मनातल्या मनात पूर्णविराम दिला.

फेब्रुवारीत रस्टी घरी आला. आल्या आल्या त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, म्हणजे काहीतरी पवित्र बोलायचं होतं.

“डेल, स्मारकाचं ठरलं. शाळेच्या आवारात आठ बाक. दगडी. प्रत्येकावर नाव.”

“चांगलं झालं.”

“दगड महाग आहे.”

“असणारच.”

“म्हणून यंदाची सोडत आपण स्मारकासाठी करतोय. सगळा पैसा बाकांना. तू पुकारायचंस.”

अर्लीन कॉफी ओतत होती, ती ओतायची थांबली. डेलमार म्हणाला, “कसली सोडत?”

“म्हणजे काय कसली? नेहमीची. यंदा चोवीस बंदुका आहेत. दुकानदाराने दोन आपल्याकडून घातल्यात, पोरांसाठी म्हणून.”

“रस्टी,” अर्लीन म्हणाली, “पोरांसाठी?”

“पोरांच्या नावाने, वहिनी. तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते.”

“मला कळतंय. तुला कळतंय का, ते बघत होते.”

रस्टी लाल झाला. “मग काय विकू? बिस्किटं? बिस्किटं विकून एका बाकाचा पाय येईल. माझ्याकडे चाळीस माणसं आहेत, त्यांना एकच गोष्ट विकता येते आणि गावाला एकच गोष्ट विकत घेता येते. मी बनवलंय का हे असं?” मग तो टोपीकडे बघत हळू म्हणाला, “मी झोपत नाही, डेल. ते बाक बसले म्हणजे झोपेन असं वाटतं.”

डेलमारला त्याच्यावर रागावता आलं नाही. पाच वेळा आत गेलेल्या माणसावर कसं रागावणार. त्याने फक्त विचारलं, “दोनशे बारा नंबर कुणाला लागला होता, आठवतं ना तुला?”

“नाही आठवत,” रस्टी म्हणाला. आणि टोपी घालून निघून गेला.

त्यानंतर चार दिवसांनी टेस आली. जूनीची आई. त्या दिवशी शेवटपर्यंत खुर्चीवर बसून राहिलेल्यांपैकी एक. दोन वर्षांपूर्वीच गावात राहायला आलेली, त्यामुळे तिला सोडतीतलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती म्हणाली की कुलपाच्या विधेयकावर सुनावणी आहे, मी बोलणार आहे, पण मी मेलेल्या मुलीची आई. माझ्या बोलण्यावर ते मान हलवतील आणि विसरतील. गावातलं कुणीतरी हवं. जुनं. शिकारी. “तुमचा आवाज चांगला आहे, मिस्टर हॉस्टेटर,” ती म्हणाली.

डेलमारला नाही म्हणता आलं नाही. तो हो म्हणाला. हिला सांगावं लागणार होतं. तिच्या मुलीला मारलेली रायफल याने विनोद करून हवेत धरली होती, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते ऐकल्यावर ती काय करील ते त्याला बघवणार नव्हतं.

राजधानी चार तासांवर. पिकअपमध्ये पहिला तास त्याने हवामानावर घालवला. दुसऱ्या तासाला तो म्हणाला, “टेस, तुला एक सांगायचं होतं.”

“सांगा ना.”

“ते आपलं... त्या वळणावरच्या हॉटेलात फळांचा पाय चांगला मिळतो, केकसारखा.”

“अस्सं.”

“पीचचा.”

टेसने खिडकीबाहेर पाहिलं. मग आपणच बोलायला लागली. पोलिसांनी जूनीचं दप्तर परत दिलं, त्यात गणिताची वही होती, वजाबाकीचं पान तपासायचं राहिलं होतं. पोलिसांकडून आलं तरी कुणीतरी ते तपासून द्यायला हवं होतं, असं तिला सारखं वाटतं. “मी तपासलं शेवटी,” ती म्हणाली. “दोन चुकलेत. काय करायचं कळेना, म्हणून लाल पेनाने फुली मारली.”

यानंतर पीचच्या पायबद्दल बोलणं शक्य नव्हतं. दुसरं काही बोलणंही शक्य नव्हतं.

सुनावणीच्या दालनात साक्षीदाराच्या टेबलावर छोटा दिवा होता. हिरवा लागला की बोलायचं, पिवळा लागला की आवरायचं, लाल लागला की गप्प. प्रत्येकाला दोन मिनिटं. समितीत अकरा आमदार. दोघे फोनमध्ये होते, एकजण पेपरमिंटची पुडी जमेल तितका कमी आवाज करत सोडत होता. अध्यक्षीणबाई भल्या होत्या, सगळ्यांची नावं दोनदा विचारून नीट उच्चारत होत्या.

टेस बोलली. पिवळा लागायच्या आत संपवलं. त्यांनी मान हलवली.

मग बंदूकमालकांच्या संघटनेचा एक तरतरीत गृहस्थ आला. त्याचं सूत्र साधं होतं: कायदा पाळणाऱ्या माणसाच्या बंदुकीने अशा घटना घडत नसतात, गुन्हेगार बंदुका गल्लीबोळात मिळवतात, कुलूप लावून तुम्ही फक्त सज्जनाला घरात चोर शिरल्यावर किल्ली शोधायला लावाल. “जबाबदार समाजात बंदूक जबाबदार हातातच जाते,” असं म्हणून तो लाल लागण्याच्या नेमक्या क्षणी थांबला. सराव दांडगा होता.

“श्री. डेलमार हॉस्टेटर, ड्राय फोर्क.”

डेलमार बसला. कागद उलगडला. ‘मी पन्नास वर्षं शिकार करणारा माणूस आहे.’ हिरवा लागला. त्याने कागदाकडे पाहिलं आणि त्याला त्या सहा घरांच्या खुर्च्या दिसल्या. यादी संपलेली आणि हातात मायक्रोफोन.

“आत्ताचे गृहस्थ म्हणाले की बंदूक जबाबदार हातात जाते,” तो म्हणाला. “ती माझ्या हातातून गेली.”

पेपरमिंट थांबली.

त्याने सांगितलं. सोडत, पिंप, सँडविच, दोनशे बारा. फॉर्म, अर्धा तास, कोटांच्या मागे, छत्रीशेजारी. “त्यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. मी, वेड, दुकानदार, सगळ्यांनी कायदा पाळला. तुमच्या कायद्यात आमची एकही चूक निघणार नाही, म्हणून तर मी इथे आलोय. वेडने कुत्रं पाळलं असतं तर त्याला पट्टा लागला असता. घरामागे पोहायचं टाकं बांधलं असतं तर कुंपण लागलं असतं. आणि त्या मंगळवारपर्यंत वेड वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी कुलूप लावायला सांगितलं असतं तर त्याने लावलं असतं. तो सांगितलेलं ऐकायचा.”

पिवळा लागला.

“एक दुरुस्ती,” फोनमधून वर बघत एक आमदार म्हणाले. “अशा रायफलीला लोक स्वयंचलित म्हणतात, वास्तविक ती अर्धस्वयंचलित—”

“अर्धस्वयंचलित. काळा दस्ता, तीस गोळ्यांचं मॅगझिन. मीच वर्णन केलं होतं साहेब, मायक्रोफोनवर. लोक हसले होते. तुम्ही कुलपाचं विधेयक आणलंय, तर मी कुलूप मागतो. पण विचाराल तर सांगतो, कुलूप फार थोडं झालं. अशी रायफल बक्षीस म्हणून मिळता कामा नये. अर्ध्या तासात मिळता कामा नये. काहींना ती मिळताच कामा नये, आणि ते काही म्हणजे कोण, हे ठरवायला आम्ही तुम्हाला निवडून दिलंय.”

लाल लागला. अध्यक्षीणबाईंनी हळूच मायक्रोफोन जवळ ओढला. “श्री. हॉस्टेटर, आपली वेळ—”

“बाई, पोलिसांच्या हिशेबाने त्या पोराला आत साडेतीन मिनिटं मिळाली. मला निदान तेवढी द्या.”

अध्यक्षीणबाईंनी मायक्रोफोन परत मागे सरकवला. दिवा लालच राहिला. आणि एवढं भांडून मिळवलेल्या दीड मिनिटात त्याला काही सुचेना, म्हणून त्याने सहा नावं वाचली. कागद नव्हता. पाठ होती. प्रत्येक नावानंतर तो थांबला आणि या वेळी एकही खुर्ची सरली नाही. शेवटी शिक्षिका आणि जेवणवाल्या बाई. मग तो उठला.

समितीने आभार मानले आणि विधेयक अधिक अभ्यासासाठी पुढच्या बैठकीवर ढकललं.

बाहेरच्या संगमरवरी ओसरीत टेस बाकावर बसलेली होती. डेलमार समोर उभा राहिला. शाळेत मुख्याध्यापकांसमोर तो असाच उभा राहत असे, हात कुठे ठेवावेत न कळून.

“तुला आधी सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “गाडीत सांगणार होतो.”

“हो. पीचचा पाय.”

“टेस, मी—”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “वेड आला होता डिसेंबरात. दारात उभा राहिला, आत यायला तयार नाही. सगळं सांगितलं. तिकिटाचा नंबरसुद्धा. मी दार लावून घेतलं. अजून त्याला काही बोललेले नाही, बोलेन असं वाटतही नाही.” तिने मान वर केली. “म्हणून तर तुमच्याकडे आले. आवाजाचं मला काय करायचंय, मिस्टर हॉस्टेटर? त्या दिवशी तो आवाज मी तासभर ऐकला. आता कधी रेडिओवर कुणी तसं बोललं तरी मी बंद करते.”

डेलमार तिच्याशेजारी बसला. त्याच्या फोनवर रस्टीचे सहा कॉल येऊन गेले होते. सुनावणी गावात थेट दिसत होती. सातवाही आला. त्याने तो घेतला.

“तू बोललास,” रस्टी म्हणाला.

“बोललो.”

“आता सगळ्या देशाला कळलं की आम्ही...” पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही. मागे हॉलमधले आवाज येत होते, कुणीतरी डेलमारला शिवी दिली ती स्पष्ट ऐकू आली. “लोक म्हणतायत तुझं नाव दलातून काढा.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मला आठवत होतं, डेल,” रस्टी म्हणाला. “दोनशे बारा. टाळ्या पहिल्यांदा मीच वाजवल्या होत्या.” आणि त्याने फोन ठेवला. सोडत होणार की नाही हे त्याने सांगितलं नाही, आणि डेलमारने विचारलं नव्हतं.

“परत जाऊ या?” टेस म्हणाली.

तेवढ्यात दालनातून एक तरुण कारकून बाई घाईने आल्या. हातात डेलमारचा, अर्लीनने टाइप केलेला कागद.

“सर, एक अडचण आहे. आपण जे बोललात ते यात नाही.”

“नाही.”

“अधिकृत नोंदीत फक्त लेखी निवेदन जातं. हे असंच लावलं तर नोंदीत आपण एवढंच म्हणालात असं होईल की आपण पन्नास वर्षं शिकार करता. जे बोललात ते लिहून, खाली सही करून द्यावं लागेल. चार वाजेपर्यंत.”

बोलणं होऊन गेलं होतं. बोलताना समोर दिवा होता, मागे टेस होती, आवाज आपला आपण चालत होता. आता कोऱ्या कागदावर ‘ती रायफल मी दिली’ असं लिहायचं आणि त्याखाली आपलं नाव. पहिली ओळ डेलमारने तीनदा खोडली. तिसऱ्यांदा टेसने पर्स मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, “यावर टेकवा. आणि विनोद केला होता, तेही लिहा.”

त्याने तेही लिहिलं. आठ नावं लिहिली. जूनीच्या नावाचं स्पेलिंग टेसला विचारून घेतलं. दोन पानं झाली. तारीख घातली, सही केली, आणि चारला दहा मिनिटं असताना ती पानं कारकून बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती तिथेच उभ्या उभ्या वाचली. वाचताना त्यांनी एकदा चष्मा काढला, पुसला, परत लावला. डेलमार आणि टेस वाट बघत उभे राहिले.

“सर,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “याच्या वीस प्रती लागतील. झेरॉक्स तळमजल्यावर आहे. आणि कृपा करून पिन मारू नका, आमच्या मशीनमध्ये अडकते.”